पार्थेनननंतरचं 'रिकामं' शतक: एक प्रतिवाद

ग्रीक कलेविषयी एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, सांगाडा तोच राहतो. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाला शरण गेलं आणि ग्रीक कलेचं सोन्याचं पान मिटलं. पैसा आटला, देवळं थांबली. शिल्पकार देवांना विसरून नागड्या बायका घडवू लागले. मूर्ती गुळगुळीत आणि बायकी झाल्या. खांबांवर पानाफुलांची नटवी शीर्षं आली, ती रोमनांच्या आवडीची. मोझेक, म्हणजे जमिनीत छोटे तुकडे बसवून केलेली चित्रं, तर रोमनांचंच. खरी ग्रीक कला म्हणजे शुभ्र संगमरवर आणि धीरगंभीर चेहरा, पुढचं सगळं उतरती कळा. आणि या सगळ्यावर शिक्का म्हणून पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीचं एक वाक्य: 'त्यानंतर कला थांबली.'

ज्या शतकाची ही बदनामी चालते ते साधारण इ.स.पू. ४०० ते ३२३, म्हणजे अलेक्झांडरच्या मृत्यूपर्यंतचं. अभ्यासक त्याला उत्तर-अभिजात काळ म्हणतात. आता एकेक मुद्दा घेऊ.

'पैसा आटला, बांधकाम थांबलं'

यातलं जेवढं खरं आहे ते आधी मान्य करून टाकू. अ‍ॅक्रोपोलिसवरचं एरेक्थिऑन हे देऊळ इ.स.पू. ४०६ च्या सुमारास पुरं झालं आणि त्यानंतर त्या टेकडीवर त्या तोडीचं काही उभं राहिलं नाही. पण त्याच टेकडीवरचं अथेना देवीचं देऊळ, पार्थेनन, ज्या पैशावर उभं राहिलं, तो तरी कुठे निव्वळ अथेन्सच्या घामाचा होता? मित्रराज्यांच्या संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये डेलोस बेटावरून उचलून अथेन्सला आणला गेला आणि त्यातला वाटा बांधकामांकडे वळला. युद्ध हरल्यावर खंडणी बंद झाली, तो मामला संपला. पण एका शहराचा खिसा रिकामा झाला म्हणजे सगळ्या ग्रीक जगाचा झाला, असं धरून चालायचं कारण काय? या मजकुराची मूळ खोड हीच: अथेन्स सोडून तो कुठे बघतच नाही.

बघायचं तर एपिडॉरसकडे बघा. पेलोपोनीजमधलं, म्हणजे दक्षिण ग्रीसमधलं, हे वैद्यदेव अस्क्लेपियसचं क्षेत्र. आजारी माणसं लांबून यायची, देवाच्या आवारात झोपायची, स्वप्नात देव येऊन उपाय सांगेल अशी आशा धरायची आणि बरं वाटलं की नवस फेडायची. इ.स.पू. ३७० च्या आसपास तिथे अस्क्लेपियसचं देऊळ बांधलं गेलं. त्याचा हिशेब दगडावर कोरलेला सापडला आहे आणि तो वाचताना एखाद्या देवस्थानाची जमाखर्चाची वही उघडल्यासारखं वाटतं. कुठलं काम कोणी किती ड्राक्मांना (ड्राक्मा म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) घेतलं, त्याला जामीन कोण राहिलं, सगळं ओळीने. काम ४ वर्षं ८ महिने चाललं. वास्तुकार थिओडोटसला वर्षाला ३५३ ड्राक्मा, म्हणजे रोजची जेमतेम एक. एरेक्थिऑनच्या हिशेबात साध्या गवंड्याचा रोजही तेवढाच आहे. छपराच्या टोकांवर ज्या मूर्ती उभ्या करतात, त्यांतल्या एका बाजूच्या मूर्ती टिमोथिओसने २२४० ड्राक्मांना केल्या. शिवाय ९०० ड्राक्मांना त्याने काहीतरी 'नमुने' पुरवले. ते मातीचे नमुने होते की उठावाची शिल्पं, यावर विद्वान अजून भांडताहेत. आतली देवाची मूर्ती पॅरॉसच्या थ्रॅसिमीडीसने घडवली, सोन्याची आणि हस्तिदंताची.

हे देऊळ लहान होतं. समोर ६ खांब, बाजूला ११. पार्थेननला ८ आणि १७ आहेत. आकाराची स्पर्धा लावली तर एपिडॉरस हरलं, कबूल. पण त्याच आवारात पुढच्या काही दशकांत एक गोल इमारत उभी राहिली, बाहेर साध्या शीर्षाचे २६ डोरिक खांब, आत पानाफुलांच्या शीर्षाचे १४ कोरिंथियन, आणि जमिनीखाली वर्तुळात वर्तुळ फिरणाऱ्या भिंतींचा चक्रव्यूह. जवळच डोंगराच्या उतारावर ते थिएटर बसवलं, जिथे आजही उन्हाळ्यात नाटकं होतात. खालच्या भागात आसनांच्या ३४ रांगा, आणि वरच्या २१ नंतर चढवल्या गेल्या असं बहुतेकांचं मत. बांधकाम थांबलेल्या काळाचं हे काम!

आणि हे एकटंदुकटं नाही. टेगीयाचं अथेना आलियाचं जुनं देऊळ इ.स.पू. ३९५ मध्ये जळालं, त्याजागी शिल्पकार स्कोपसने नवं संगमरवरी देऊळ बांधलं. इ.स. दुसऱ्या शतकात सगळा ग्रीस पालथा घालणाऱ्या पॉसेनियसने ते पेलोपोनीजमधल्या सगळ्या देवळांहून सरस ठरवलं. डेल्फीचं अपोलोचं देऊळ इ.स.पू. ३७३ मध्ये कोसळलं आणि वर्गण्या, दंड, कर्जं असं काय काय जमवत पुन्हा उभं केलं गेलं. एफिससचं आर्टेमिसचं देऊळ ३५६ मध्ये जळालं, तेही परत बांधलं. उरलासुरला खर्च मी देतो, त्यावर माझं नाव घाला, असं अलेक्झांडर म्हणाला. एफिससच्या लोकांनी, देवाने देवाला दान देणं शोभत नाही, असं गोड बोलून त्याला वाटेला लावलं, असं प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. पैसा नसलेल्या लोकांना हा तोरा परवडत नाही.

खुद्द अथेन्ससुद्धा शतकाच्या उत्तरार्धात सावरलं. लायकर्गसच्या हाती तिजोरी असताना मद्यदेव डायोनिससचं थिएटर दगडात बांधलं गेलं, पॅनाथेनिक स्टेडियम तयार झालं, पिरेअस बंदरात फिलोनने आरमाराच्या सामानासाठी ४०० फूट लांबीचं कोठार बांधलं. त्या कोठाराचा तपशीलवार आराखडा शिलालेखातून आजही वाचता येतो, इमारत मात्र रोमनांनी इ.स.पू. ८६ मध्ये जाळली.

सर्वांत मोठा ग्राहक तर ग्रीकही नव्हता. कारियाचा मॉसोलस, पर्शियन बादशहाचा सुभेदार, इ.स.पू. ३५३ मध्ये वारला. हॅलिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोद्रुममध्ये, त्याच्या मकबऱ्याचं काम त्याची बायको (आणि बहीणही) आर्टेमिसिया हिने पुढे चालवलं. प्लिनीच्या हिशेबाने १४० फूट उंच, भोवती ३६ खांब, वर पायऱ्यांचा पिरॅमिड आणि माथ्यावर चार घोड्यांचा रथ. चार बाजू चार शिल्पकारांना वाटून दिल्या: पूर्व स्कोपसला, उत्तर ब्रायाक्सिसला, दक्षिण त्याच टिमोथिओसला, पश्चिम लिओकारीसला. दोनच वर्षांत आर्टेमिसियाही गेली. पैसे देणारी गेल्यावरही हे लोक आपल्या नावासाठी काम पुरं करूनच उठले, असं प्लिनी लिहितो. मकबऱ्याचा शिल्पपट्ट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात दंतकथांतल्या लढवय्या बायकांपैकी एक अ‍ॅमेझॉन घोड्यावर उलटी बसली आहे: घोडा पुढे दौडतोय आणि ती शेपटाकडे तोंड करून मागच्या शत्रूवर नेम धरते. अंगरखा मांडीवरून उडालेला. असली कल्पना सुचणाऱ्याला ऱ्हासाच्या खात्यात टाकणारे टाकोत.

'शिल्पकार देवांना विसरले'

या मुद्द्याचा सगळा डोलारा एका मूर्तीवर आहे, क्निडोस या ग्रीक गावच्या प्रेमदेवी अ‍ॅफ्रोडाइटीवर. प्रॅक्सिटेलीसने ती इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला घडवली. प्लिनीची गोष्ट अशी: त्याने दोन अ‍ॅफ्रोडाइटी विकायला काढल्या, एक वस्त्रात, एक विवस्त्र. कॉसच्या लोकांनी मर्यादशील म्हणून वस्त्रातली घेतली. राहिलेली क्निडोसने घेतली आणि गाव जगप्रसिद्ध झालं. पुढे राजा निकोमीडीसने गावाचं सगळं कर्ज फेडतो, मूर्ती द्या, असा सौदा मांडला. गावाने कर्ज ठेवलं, मूर्तीही ठेवली.

आता ही मूर्ती होती कुठे? कुणा रसिकाच्या दिवाणखान्यात नव्हे. ती देवळात होती, पूजेत होती. क्निडोसची ही देवी दर्यावर्दी लोकांना सुखरूप नेणारी. प्लिनी म्हणतो, देऊळ चहूबाजूंनी खुलं होतं, म्हणजे मूर्ती कुठूनही बघता यावी. ग्रीक शिल्पात पुरुषदेह आधीपासून उघडा होताच, देवीचा नव्हता. प्रॅक्सिटेलीसने ती रीत मोडली आणि ती मोडताना देवीला देवळाबाहेर काढलं नाही. ही मूर्ती आवडत नसेल तर जरूर म्हणा, पण देव विसरला म्हणायला जागा नाही.

बदललं ते हे, की कुठल्या देवांकडे गर्दी वळली. सलग युद्धांनी पोळलेल्या लोकांना आता रोगातून उठवणारा अस्क्लेपियस हवा होता, शांतता हवी होती. स्पार्टाशी इ.स.पू. ३७५ च्या सुमारास तह झाला तेव्हा अथेन्सने आयरीनीची, शांतीदेवीची, रीतसर पूजा सुरू केली आणि केफिसोडोटसने (हा बहुधा प्रॅक्सिटेलीसचा बाप) तिची ब्राँझ मूर्ती घडवली. मूळ गेली, रोमन नक्कल म्युनिकला आहे. देवीच्या कडेवर तान्हा प्लुटस, म्हणजे समृद्धी. मूल हात वर करून तिच्याकडे झेपावतंय, तिची मान त्याच्याकडे कललेली. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या मात्र अजून फिडियसच्या, म्हणजे पार्थेननच्या शिल्पकाराच्या, काळासारख्या जाड, उभ्या, खांबाच्या खाचांसारख्या सरळ उतरलेल्या. कंबरेपर्यंत पाचवं शतक, खांद्यावर चौथं. ही मूर्ती लोकांना इतकी भावली की अथेनाच्या उत्सवातल्या पॅनाथेनिक स्पर्धेत बक्षीस म्हणून मिळणाऱ्या तेलाच्या कुंभांवर तिचं चित्र आलं.

'मूर्ती गुळगुळीत आणि बायकी झाल्या'

झाल्या खऱ्या, पण त्या रोमनांनी केलेल्या नकला. संग्रहालयात ज्या पाटीवर प्रॅक्सिटेलीस किंवा लिसिपॉस (त्याच शतकातला दुसरा मोठा शिल्पकार) लिहिलेलं असतं, ती मूर्ती बहुतेक वेळा तीनचारशे वर्षांनंतर, कुणा रोमन श्रीमंताच्या बागेसाठी संगमरवरात उतरवलेली असते. मूळ ब्राँझच्या मूर्तीला तोल सांभाळायला काही लागत नाही. दगडाची नक्कल घोट्यात मोडते, म्हणून पायाला झाडाचा बुंधा चिकटवतात. मग पाहणारा म्हणतो, काय हे, सगळे झाडाला टेकून उभे!

लिसिपॉसने १५०० कामं केली असं प्लिनी सांगतो. आकडा फुगवलेला असेल. पण त्यातलं खात्रीने त्याच्या हातचं म्हणावं असं एकही आज हाती नाही. ब्राँझ वितळवता येतं, आणि लोकांनी वितळवलं. जे वाचलं ते समुद्राच्या पोटात किंवा मातीखाली राहिलं म्हणून. अँटिकिथेराचा तरुण १९००-०१ मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना सापडला. मॅराथॉनच्या उपसागरातून १९२५ मध्ये ब्राँझचा मुलगा वर आला. पिरेअसमध्ये १९५९ साली सांडपाण्याच्या नळांसाठी खोदताना अथेना आणि आर्टेमिस मिळाल्या. अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या अँटिकिथेराच्या तरुणाचे बसवलेले डोळे एकदा बघावेत आणि मग गुळगुळीत वगैरे बोलावं.

स्कोपसच्या बाबतीत तर दगडच साक्षीला आहे, कारण टेगीयाच्या देवळाची फुटकी डोकी मूळची आहेत. चौकोनी चेहरा, जाड मान, डोळे खोल खोबणीत. वरच्या पापणीचं बाहेरचं टोक भुवईखालच्या मांसल फुगवट्यात बुडून दिसेनासं होतं, त्यामुळे नजर वर, कुठेतरी लांब लागल्यासारखी वाटते. ओठ किंचित विलग. पार्थेननवरचे लढवय्ये लढतानाही शांत दिसतात. या माणसांना धाप लागलेली आहे. आता धीरगंभीरपणा हीच एकमेव कसोटी असेल तर टेगीया नापास. पण मग बायकी म्हणता येत नाही. दोन्ही आरोप एकाच वेळी कसे चालतील?

लिसिपॉसच्या अ‍ॅपॉक्सिओमेनॉसची नक्कल व्हॅटिकनमध्ये आहे. अंगाला लागलेलं तेल आणि धूळ वाकड्या पातीने खरवडून काढणारा खेळाडू. त्याचा एक हात सरळ समोर, बघणाऱ्याच्या अंगावर येतो. समोरून फोटो काढला तर तो हात आखडून नुसता ठोकळा होतो. मूर्ती कळायला भोवती फिरावंच लागतं. आधीच्या पिढ्यांच्या मूर्तींना एक ठरलेली दर्शनी बाजू असायची, ती इथे मोडली. डोकं लहान, अंग सडपातळ, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याच्या बेतात. रोममध्ये सम्राट टायबेरियसने मूळ मूर्ती सार्वजनिक स्नानगृहासमोरून उचलून स्वतःच्या शयनगृहात नेली, तेव्हा लोकांनी थिएटरात आरडाओरडा करून ती परत आणायला लावली. उतरत्या कळेतल्या मूर्तीसाठी कोणी सम्राटाशी भांडतं का?

'कोरिंथियन खांब रोमन'

हे दोन वाक्यांत संपतं. ज्ञात असलेलं सर्वांत जुनं कोरिंथियन स्तंभशीर्ष बासीच्या अपोलोच्या देवळातलं, पाचव्या शतकाच्या शेवटचं. आणि हे शीर्ष ग्रीक शिल्पकार कॅलिमाकसने शोधलं ही गोष्ट सांगणारा वास्तुकार विट्रुव्हिअस स्वतः रोमन आहे.

फक्त एक जोड देतो, कारण ती गोड आहे. अथेन्समध्ये हा खांब इमारतीच्या बाहेरच्या अंगाला पहिल्यांदा दिसतो तो लिसिक्रेटीसच्या स्मारकावर, इ.स.पू. ३३४ च्या सुमाराचा. नाट्योत्सवात मुलांच्या वृंदगानाची स्पर्धा असे आणि खर्च एखाद्या धनिकाने उचलायचा असे. जिंकलेल्या धनिकाला तिवई मिळायची, ती ठेवायला त्याने हा चबुतरा बांधला. त्यावरच्या लेखात पैसे देणारा लिसिक्रेटीस तर आहेच, पण पावा वाजवणारा थिऑन आणि मुलांना शिकवणारा लिसिआडीस यांचीही नावं आहेत. रस्त्याकडेच्या या दिमाखात रोमनांचा काही हात नाही.

'मोझेक रोमनांचं'

हा गैरसमज समजण्यासारखा आहे. पाँपेईपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत रोमनांनी इतकी मोझेक केली की डोळ्यांपुढे तीच येतात. पण मॅसिडोनियाच्या फिलिपने ऑलिंथस शहर इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केलं, म्हणजे तिथे खणून जे मिळालं ते त्याआधीचं, यात वाद नाही. आणि तिथल्या घरांच्या जमिनीवर मोझेक आहेत: चौकोनी तुकड्यांची नव्हेत, नैसर्गिक गोट्यांची, बहुतांश काळ्या-पांढऱ्या. एका घरात चित्त्यांच्या रथात डायोनिसस आहे, आणि शेजारी गोट्यांनीच लिहिलेली सुदैवाची वचनं. त्यावरून त्या घराला अभ्यासकांनी सुदैवाचं घर हेच नाव दिलं. असली फरशी बहुधा पुरुषांच्या मेजवानीच्या खोलीत असे. भिंतीलगत पलंगांसाठी उंचवटा, मधल्या चौकात चित्र. पाहुणे पडल्या पडल्या पीत आणि खाली बघत.

पुढची पायरी पेलाची. मॅसिडोनियाची राजधानी, अलेक्झांडरचं गाव. १९५७ पासून तिथे मोठं उत्खनन झालं. चौथ्या शतकाच्या शेवटी बसवलेलं हरणाच्या शिकारीचं मोझेक बघा. दोन तरुण, एक कुत्रा, मध्ये हरीण. एकाने दुधारी कुऱ्हाड उगारली आहे, दुसऱ्याच्या डोक्यावरून टोपी उडून हवेत तरंगतेय, दोघांचे झगे वाऱ्याने मागे फुगलेत. गडद जमिनीवर उजळ अंगं. मांडीच्या गोलाईवर पांढऱ्यातून करड्याकडे जाणारे गोटे एकेक निवडून बसवले आहेत, त्यामुळे स्नायू खरोखर वळल्यासारखा वाटतो. बारीक रेषा गोट्यांनी साधत नाही, म्हणून पेलाच्या कारागिरांनी काही ठिकाणी भाजक्या मातीच्या आणि शिशाच्या पातळ पट्ट्या उभ्या घातल्या. आणि चित्राच्या वरच्या कडेला सही: ग्नोसिसने केलं. मोझेकवर कारागिराने स्वतःचं नाव घातल्याचं हे आपल्या हाती असलेलं सर्वांत जुनं उदाहरण. पायाखालच्या जमिनीवर सही करणारा माणूस स्वतःला फरशीवाला समजत नसणार.

ग्रीकांनी गोट्यांची जमीन शून्यातून शोधली असंही नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या, तेव्हाच्या फ्रिजियातल्या गॉर्डियनला त्याच्या कितीतरी आधीची नक्षीची जमीन सापडली आहे. पण तिथे नक्षी, इथे चित्र. कापलेल्या चौकोनी तुकड्यांचं तंत्रही इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक जगातच आकाराला आलं. रोमनांनी ते घेतलं आणि गावोगाव नेलं, हे श्रेय त्यांचंच. पण 'रोमन मोझेक' म्हणून जो फोटो सगळ्यांत जास्त फिरतो, पाँपेईतला अलेक्झांडर आणि पर्शियन बादशहा दरायसच्या लढाईचा, तोदेखील बहुतेक अभ्यासकांच्या मते चौथ्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक रंगचित्राची नक्कल आहे. त्यात रथाखाली सापडलेला एक पर्शियन सैनिक चकचकीत ढालीत स्वतःचाच चेहरा बघतोय.

'शुभ्र संगमरवर'

प्रॅक्सिटेलीसला कोणी विचारलं, तुझ्या संगमरवरी मूर्तींपैकी तुला कुठल्या सर्वांत आवडतात? तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागलाय त्या. निकियास चित्रकार होता; मूर्ती रंगवायचा. ही गोष्टही प्लिनीचीच. ऑलिंपियाला १८७७ मध्ये सापडलेल्या हर्मीसच्या (तो प्रॅक्सिटेलीसचा मूळचा की नंतरची नक्कल, यावर वाद आहे) चपलेवर लाल रंगाचे माग मिळाले. उस्मान हमदी बे याने १८८७ मध्ये सिदोनला काढलेल्या, अलेक्झांडरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शवपेटीवर रंग अजून डोळ्यांना दिसतो, इस्तंबूलला जाऊन बघता येतो.

शुभ्रतेच्या बाजूने हमखास जर्मन कलाइतिहासकार विंकेलमानचं नाव पुढे केलं जातं. त्याने १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला, ग्रीसला मात्र कधी पाऊल लावलं नाही. पण त्याचीही मांडणी नीट वाचावी: फिडियसच्या काळाला तो भव्य शैली म्हणतो आणि प्रॅक्सिटेलीसपासून लिसिपॉसपर्यंतच्या काळाला सुंदर शैली. घसरण त्याच्या मते त्यानंतरची. आणि ज्या अपोलो बेल्व्हेडेअरवर तो अक्षरशः भाळला होता, तो बरेच अभ्यासक लिओकारीसच्या मूर्तीची नक्कल मानतात. म्हणजे हॅलिकार्नाससची पश्चिम बाजू करणारा तोच.

'प्लिनीनेच लिहून ठेवलंय'

लिहिलं आहे. पण कुठल्या ठिकाणी? ब्राँझ मूर्तिकारांची यादी देताना तो ऑलिंपियाडने, म्हणजे चार-चार वर्षांच्या गणतीने, काळ सांगतो. प्रॅक्सिटेलीस १०४व्या ऑलिंपियाडमध्ये, इ.स.पू. ३६४ पासूनचा. लिसिपॉस ११३व्यात, ३२८ पासूनचा. मग १२१व्या ऑलिंपियाडमधली, २९६ पासूनची, नावं येतात आणि त्यानंतर ते वाक्य: कला थांबली, १५६व्यात पुन्हा जिवंत झाली. म्हणजे प्लिनीची रेघ अथेन्सच्या पराभवानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पडते. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय ते अख्खं शतक त्याच्या यादीत जिवंत कलेच्या बाजूला आहे. वाक्य उचलणाऱ्याने वरच्या दोन ओळी वाचल्या असत्या तर हा मजकूर निघालाच नसता.

बरं, ती रेघही किती पाळायची? त्याने कला थांबल्याचं सांगितलेल्या साधारण १४० वर्षांत सॅमोथ्रेसची पंखवाली विजयदेवी येते आणि पर्गमॉनच्या वेदीवरचं देव-दैत्यांचं युद्ध येतं. पहिली लूव्रमध्ये जिन्यावर उभी आहे, दुसरं बर्लिनला.